फ्रीझर बदलायचा की नुसतं रबर?

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात जिन्याखाली एक आडवा डीप फ्रीझर आहे, २००७ साली घेतलेला, आणि गेले दोन महिने घरात एकच विषय चाललाय की हा ठेवायचा का काढायचा.

सुरुवात बिलावरनं झाली. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं, आणि आमचं नोव्हेंबरात २१४ आलं. घरात नवीन काही घेतलं नव्हतं. मग एक छोटा प्लगचा मीटर आणून फ्रीझरला लावला, २४ तासात ३.६ युनिट! म्हणजे महिन्याला १०८, निम्म्याहून जास्त करंट ही एकटी पेटी खातीय.

आई म्हणाली, "चालूलंय की अजून, कशाला बदलूलास?" तिचा जीव त्यात का अडकलाय ते मला कळतं. मामांच्या शेतात भात काढल्यावर वाटाणा असतो, संक्रांतीच्या आसपास दोन पोती घरी येतात, मग सगळ्यांनी ओसरीवर बसून सोलायचं, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, धोतरावर पसरून सुकवायचं आणि पिशव्या भरायच्या. गणपतीत उसळ त्याचीच होते. साध्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हे मावणार कुठं?

एका दुकानात विचारलं तर सांगितलं, याचा गारवा करणारा गॅस आता मिळत नाही, देऊन टाका. घरी येऊन मागची पट्टी वाचली, गॅसचं नाव आर-१३४ए. आमचा मेकॅनिक म्हणाला मिळतो की. नव्यात आर-६००ए असतो, तो पेट घेणारा, जुन्यात भरायचा नसतो, एवढंच. मला फार राग आला, म्हाताऱ्या माणसाला असं सांगितलं तर तो लगेच पैसे मोजेल.

मग झाकणात कागदाची पट्टी धरून सगळीकडनं ओढून बघितली. तीन बाजूंना घट्ट, उजव्या कोपऱ्यात मात्र अलगद हातात आली. तिथं रबर कडक होऊन चिरलंय आणि बरोबर तिथंच आत बोटभर जाड बर्फ. बाहेरची दमट हवा शिरते, तिचा बर्फ होतो, थर जाड झाला की गारवा मालापर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

बर्फ वितळवून रबर बदललं, मजुरीसकट ११०० रुपये. परत मीटर लावला, २.३ युनिट. महिन्याला ३९ वाचले, म्हणजे २०० च्या आत.

तर या वर्षी बदलायचा नाही. कॉम्प्रेसर गेला तर मात्र त्यावर पैसे घालणार नाही, लहान नवीन घेणार, लेबलवरचे वर्षाचे युनिट ३६५ नं भागून बघून. हे आईलाही पटलंय. रविवारी मामांची पोती येणार, पिशव्या आधी फ्रिजमध्ये गार करून मग रोज थोड्या थोड्या आत ठेवायच्या असं तिनंच ठरवलंय.