गन कोणती घ्यावी, तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, थंड समुद्रात किनाऱ्यावरूनच उतरून भाल्याने मासे मारायला शिकायचंय. अगदी नवीन आहे. गन कोणती घेऊ?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रश्न हाच असतो. मी दर वेळी त्रोटक उत्तर देते की सध्या कुठलीच घेऊ नका, आणि विचारणाऱ्याला वाटतं, मी टाळतेय. टाळत नाही. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात गन, म्हणजे पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक, अगदी शेवटी येते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

माझ्या पहिल्या मोसमातला एक दिवस सांगते. पाणी १२ अंश सेल्सिअस होतं. अंगात उसना वेटसूट, म्हणजे ऊब टिकवणारा रबरी पोशाख, होता आणि तो कमरेपाशी सैल होता. प्रत्येक बुडीला मानेतून गार पाणी शिरायचं आणि पाठीच्या कण्यावरून खाली उतरायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी माझ्या लक्षातही न येता मी घाई करायला लागले. दोन बुड्यांमधली विश्रांती कमी झाली, पुरता श्वास न घेताच मी खाली जायला लागले. अजून गारठायच्या आत एक तरी मासा मिळू दे, एवढंच डोक्यात होतं. मला शिकवणाऱ्या बाई फ्लोटला, म्हणजे सोबत ओढत न्यायच्या तरंगत्या फुग्याला, धरून शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "अंगठा करंगळीला टेकव." टेकेना. "चल, बाहेर." खडकावर आल्यावर वजनाच्या पट्ट्याचं बक्कल मला सुटेना. शेवटी त्यांनीच ते सोडलं. पाण्यात काही बिघडलं तर तो पट्टा टाकून देणं हाच जीव वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग असतो, आणि त्याचाच खटका माझ्या बोटांना उघडत नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. थंडी माणसाला घाई करायला लावते, आणि श्वास रोखून केलेल्या कामात घाईइतकं घातक काही नाही. म्हणून पहिल्या दहा वेळा हातात काहीही न घेता पाण्यात उतरा. ऊब टिकवायला शिका, शांत राहायला शिका. मारायचं नंतर.

पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे कॅनडातले गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ असा हिशेब लोकांना समजावला. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, कारण थंडीच्या धक्क्याने धाप लागते. मग हातपाय कामाचे राहतात अशी १० मिनिटं. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हा हिशेब अंगात सूट नसताना फार थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा आहे. चांगला सूट हे आकडे कितीतरी लांबवतो, पण क्रम तोच राहतो. आधी श्वास, मग हात, आणि डोकं सगळ्यात शेवटी. म्हणजे 'मला बरं वाटतंय' असं डोकं सांगत असतं तेव्हा बोटं कधीच गेलेली असतात.

तेव्हा पैसे सुटावर घाला. १४ ते १७ अंशांच्या पाण्यात ५ मिलिमीटर, त्याखाली ७ मिलिमीटर जाडीचा, दोन तुकड्यांचा, टोपी जॅकेटलाच जोडलेला. आतून कापड नसलेलं निओप्रीन, म्हणजे सुटाचं बुडबुडेदार रबर, मिळालं तर उत्तम. ते कातडीला असं चिकटतं की आत पाणी खेळायला जागाच उरत नाही. मात्र कोरड्या अंगावर ते चढत नाही, नखाने फाटतंही. कोमट पाण्यात जरासं कंडिशनर मिसळून आत ओतायचं आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू वर सरकवायचं. हातमोजे, पायमोजे हवेतच. आणि जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. अंगाला घट्ट बसलेला ५ मिलिमीटरचा सूट सैल ७ मिलिमीटरपेक्षा अधिक ऊब देतो, हे मी त्या उसन्या सुटात शिकले.

इथे मला नेहमी दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो आठवतात. श्वास रोखून बुडी मारणाऱ्या, शंख-शिंपले, समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या या बायका. १९७० च्या दशकात वेटसूट येईपर्यंत त्या सुती कपड्यांत थंडीतही समुद्रात उतरायच्या. किनाऱ्यावर दगड रचून केलेला आडोसा असायचा, बुलतोक म्हणतात त्याला. आत जाळ पेटवलेला. थोडा वेळ पाण्यात, मग शेकायला जाळापाशी, मग पुन्हा पाण्यात. त्यांची ही परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या यादीत आली. मला त्यांच्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बाहेर कधी यायचं हा त्यांच्या कौशल्याचाच भाग होता. आपण मात्र बाहेर येण्याला हार मानतो.

सूट जाड म्हटला की तो वर तरंगवतो आणि त्यासाठी शिसं लागतं. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. खाली जायला जड जातंय म्हणून पट्ट्यात आणखी एक वजन घालतो. पण खाली जाताना निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे दाबले जातात, १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सुटाची तरंगवायची ताकद बरीच घटते. वर हलकं वाटणारं वजन खाली ओझं होतं. साधी पारख अशी, की श्वास नेहमीसारखा सोडून निपचित राहिलात तरी तुम्ही पाण्यावर तरंगायला हवं. बुडत असाल तर वजन काढा. पट्टा रबराचा असू द्या आणि बक्कल एका हाताने सुटलं पाहिजे, डाव्यानेही, मोजा घालूनही. किनाऱ्यावर डोळे मिटून वीस वेळा सोडून पाहा.

आता श्वास. हा भाग वाचताना घाई करू नका.

बुडीआधी जोरजोरात श्वास घेतले तर जास्त वेळ खाली राहता येतं, असं कुणीतरी सांगेल. ते ऐकू नका. तसं केल्याने अंगातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. आणि 'आता श्वास घे' ही हाक शरीर देतं ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तुम्ही धोक्याची घंटाच काढून ठेवता. त्यात खोलीवर दाबामुळे ऑक्सिजन रक्ताला पुरेसा मिळत असतो, वर येताना दाब कमी होतो तसा तो झपाट्याने अपुरा पडतो. म्हणून बहुतेक जणांची शुद्ध तळाशी हरपत नाही. ती शेवटच्या काही मीटरांत किंवा पृष्ठभागावर पोहोचल्यावर हरपते, आणि तीही आधी काहीच न जाणवता. एकटा माणूस अशा वेळी वाचत नाही.

म्हणून एक खाली, एक वर. दोघंही एकाच वेळी बुडी मारत असाल तर तुम्ही दोन एकटी माणसं आहात. वर असलेल्याने खालच्यावर नजर ठेवायची आणि तो वर आल्यावरही निदान ३० सेकंद त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचं. बुडीला लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ वर शांत पडून श्वास घ्यायचा. बुडी मारताना स्नॉर्केल, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी, तोंडातून काढायचं. कान दुखेपर्यंत थांबायचं नाही. नाक चिमटीत धरून मीटर-मीटरला दाब सारखा करत जायचं आणि कान उघडला नाही तर परत फिरायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी समुद्र नाही. आणि हे सगळं वाचून येत नाही. श्वास रोखून बुडी मारण्याचा एखादा रीतसर वर्ग करा, गनेच्या आधी.

किनाऱ्यावरून उतरायचं तर पहिलं पाहायचं ते बाहेर येण्याची जागा. आत जायला कुठूनही जाता येतं. लाटा एकसारख्या येत नाहीत, लहान लाटांच्या मागून मोठ्या लाटांची तुकडी येते, म्हणून खडकावर उभं राहून निदान १५-२० मिनिटं नुसतं पाहत राहायचं. मोठी तुकडी आली की ती आपल्या बाहेर यायच्या जागेचं काय करते, ते बघायचं. तिथे फेसच फेस झाला तर घरी जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासच्या, भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, आणि भरती पुरी होऊन पाणी क्षणभर उभं राहतं त्याच्या आसपासची वेळ नवख्याला सोपी. सूट चढवून झाल्यावर एवढा वेळ बघत बसायला जिवावर येतं, म्हणून मी आता आधी बघते आणि मग कपडे बदलते.

थंड पाणी अन्नद्रव्यांनी भरलेलं असतं, म्हणूनच ते हिरवट असतं आणि त्यात फार लांबचं दिसत नाही. ३-४ मीटर दिसलं तरी काम होतं. केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्रशेवाळाचं, रान असेल तर वर येताना वर बघत, एक हात डोक्यावर धरून या. पायाला देठ गुंडाळला तर ओढाताण करू नका, ताणून तो तुटत नाही. दोन्ही हातांनी दुमडा, काडकन मोडतो. इथेही घाई करणारा जास्त अडकतो.

दहा वेळा असं जाऊन आलात की हातात काठीचा भाला घ्या, पोल स्पिअर. काठीच्या मागे रबराचा एक फास, पुढे टोक. तो ताणून धरायचा, मूठ सैल केली की सुटतो. पल्ला इतका कमी की टोक माशाच्या हातभर जवळ न्यावं लागतं. मी त्याचा आग्रह धरते तो याचसाठी. पाठलाग करून मासा एवढ्या जवळ येऊच देत नाही. खडकामागे दबा धरून, त्याच्याकडे रोखून न बघता पडून राहावं लागतं. मग तोच कुतूहलाने येतो. आणि मास्कमधून सगळं सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठं दिसतं. मोठा वाटलेला मासा हातात आल्यावर नियमातल्या मापापेक्षा लहान निघतो. परवाना, माप, रोजची संख्या, बंदीचे महिने, राखीव क्षेत्रं, हे नियम जागोजागी वेगळे असतात, ते उतरण्याआधीच माहीत हवेत. मारलेला मासा परत सोडता येत नाही.

एकदा एका कपारीच्या तोंडाशी मला काबेझॉन दिसला. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा हा मासा, अंगावर खवले नाहीत, मोठं डोकं, डोळ्यांवर झालरीसारखे तुरे, रंग थेट खडकाचा. मी दोन मीटरवर होते. तो हलला नाही. एका मीटरवर गेले. तरी नाही. कल्ले फक्त उघडमीट करत होते. इतका सोपा मासा मला तोवर कधी मिळाला नव्हता आणि रबर मी ताणलेलंच होतं. पण अंगात ऊब होती, श्वास शिल्लक होता, म्हणून अजून एक क्षण पाहिलं. त्याच्या पोटामागे खडकाला अंड्यांचा जाड थर चिकटलेला होता. काबेझॉनमध्ये अंडी राखतो तो नर, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो जागा सोडत नाही. तो माझ्यासमोर थांबला होता त्याचं कारण एवढंच होतं. त्याला मारलं असतं तर ती अंडी राखायला कुणी उरलं नसतं. मी मूठ आवळूनच रबर सैल केलं आणि वर आले. जोडीदाराला म्हटलं, इथे नको, पलीकडच्या खडकावर जाऊ.

तिथे मारला तो मासाही नीट मारायला हवा. कल्ल्याशी घट्ट धरून, डोळ्याच्या जरा मागे-वर सुरीचं टोक, लगेच. त्याला तडफडत ठेवू नका. मग कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं आणि मासा कमरेला न अडकवता फ्लोटवर ठेवायचा, कारण रक्ताच्या वासाने सील किंवा शार्क आलाच तर तो फ्लोटकडे जावा. फ्लोटवर झेंडा हवाच, होडीवाल्याला तुम्ही नाही, तो दिसतो.

आता गन. एवढं झाल्यावरही हवी असेल तर कमी दिसणाऱ्या पाण्यासाठी ७५ ते ९० सेंटीमीटर लांबीची, रबराची, साधी. ती फक्त पाण्यात ताणायची, बाहेर येण्याआधी तिचा ताण उतरवायचा आणि ताणलेली असो-नसो, तोंड कधी कुणाकडे करायचं नाही. घ्यायला जाताना आपले हातमोजे सोबत न्या. ते घालून, न ताणलेल्या गनेचा सेफ्टीचा खटका न बघता चाचपून पाहा. दोन-तीनदा शोधावा लागला तर ती ठेवून दुसरी मागा.