अदिसमधले बारा

सील टॅक्सीच्या डिकीत ठेवण्याचा शहाणपणा माझाच होता. त्याचं खापर इथिओपियावर फोडण्यात अर्थ नाही.

2019 चा फेब्रुवारी. युगांडातल्या एका साखर कारखान्यात पंप गळत होता आणि मी मुंबईहून त्याचं मेकॅनिकल सील घेऊन निघालो होतो. सील म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याशी होणारी गळती रोखणारा भाग, दिसायला स्टीलचा सहा-सात किलोचा गड्डा. पण आतल्या दोन फेसना, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या पृष्ठभागांना, आरशासारखं पॉलिश असतं, बोटाचा तेलकट ठसाही चालत नाही. चेक-इनच्या सामानात ते द्यायचं नाही, हा आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटचा अलिखित नियम. म्हणून बबल-रॅपमध्ये गुंडाळून पाठीवरच्या सॅकमध्ये. स्टँडबाय पंपावर गाळप चालू आहे म्हटल्यावर ऑफिसने तिकीट स्वस्तातलं काढलं: सकाळी अदिस अबाबात उतरायचं, रात्री दहाच्या पुढे एंटेबेचं विमान. व्हिसा ऑनलाइन काढलेला होता. "बाहेर भटकू नकोस, झोप काढ," असं साहेब म्हणाले होते. झोप तर चाकणलाही मिळते.

विमानतळाबाहेर आलो आणि शंभर पावलांत धाप लागली. अदिस समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही सहा-सातशे मीटर उंच. त्यात पाठीवर सात किलो. निळी-पांढरी जुनी लाडा टॅक्सी पकडली आणि राष्ट्रीय संग्रहालयाशी आलो. उतरताना सॅक उचलली तशी ड्रायव्हरने डिकीवर थाप मारून खूण केली: ठेव इथेच. परतही मीच नेईन, पैसे तेव्हाच दे. किती वाजता? मी म्हटलं, तीन-चार तास. तो म्हणाला, "ट्वेल्व्ह. हियर." माणसाचा चेहरा माझ्या मावसभावासारखा होता. एवढ्यावर मी कंपनीचं सील त्याच्या हवाली केलं.

संग्रहालयाच्या तळघरात ल्यूसी आहे, माणसाच्या प्राचीन पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा. 1974 मध्ये हदार इथे सापडलेली, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची. सांगाड्याचा चाळीसेक टक्के भाग मिळाला, तोही एकाच जिवाचा, म्हणून तिचं एवढं मोल. काचेत असते ती प्रतिकृती, खरी हाडं आत जपून ठेवतात. उंची जेमतेम साडेतीन फूट. आपली बालवाडीतली मुलगी असावी तेवढी. इथली माणसं तिला दिंकनेश म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. मी तिच्या गुडघ्याकडे बराच वेळ बघत राहिलो. ती दोन पायांवर चालत होती हे त्या सांध्यावरून कळतं म्हणे. आयुष्य बेअरिंग आणि सील बघण्यात गेलं, की माणूस सांध्यांकडेच बघतो.

पावणेबाराला गेटवर आलो. बारा वाजले. सव्वाबारा. रस्त्याने लाडा जात होत्या, सगळ्या निळ्या-पांढऱ्या, प्रत्येकीत मला तोच मावसभाव दिसे. मी नंबर लिहून घेतला नव्हता. त्याचा फोनही घेतला नव्हता. साडेबाराला मी मनातल्या मनात साहेबांना फोन करायचं वाक्य जुळवू लागलो: "सर, सील आहे, फक्त कुठे आहे ते..."

गेटजवळच्या टपरीवजा दुकानात एक बाई कॉफी करत होत्या. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, धूप जळत होता. माझी अवस्था बघून त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. मोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. बारा म्हणताच त्या हसायला लागल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. घड्याळात सातला दहा कमी होते. मी म्हटलं, बंद पडलंय. पण सेकंदाचा काटा फिरत होता.

मग उलगडा झाला. इथे तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात तो त्यांचा एक, आपले दुपारचे बारा म्हणजे सहा, आणि बारा वाजतात ते दिवस मावळताना. आपल्या संध्याकाळी सहाला. अदिस विषुववृत्तापासून फार लांब नाही, सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब बरोबर चालतो. माझी आजी पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजायची, तेव्हा मी तिला हसायचो. शेजारच्या कॅलेंडरवर साल 2011 होतं. तिथे वर्षाला तेरा महिने असतात आणि नवं वर्ष सप्टेंबरात लागतं. तो धक्का झेलायची तेव्हा ताकद नव्हती.

म्हणजे अजून पाच तास. आणि तो येईलच याची खात्री कोण देणार?

बुधवार होता. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा उपास, म्हणून मांस-अंडी-दूध नाही. बाईंनी शेजारच्या खानावळीतून शिरो मागवला. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. हे तर पिठलं! हरभऱ्याचं पीठ, लालभडक, वरून तिखट मसाला. खाली टेफ या तिथल्या बारीक धान्याच्या पिठाची इंजेरा, आंबट आणि जाळीदार, परातीएवढी आंबोळीच म्हणा ना. मग कॉफी: कच्च्या बिया समोर भाजायच्या, धूर पाहुण्याच्या नाकापर्यंत आणायचा, मातीच्या सुरईतून बिनकानाच्या कपात ओतायची. तीन फेऱ्या. तिसरी न घेता उठायचं नसतं, हे त्यांनी मला खांदा दाबून बसवूनच समजावलं. तिन्ही फेऱ्यांत माझं लक्ष रस्त्याकडे.

सहाला पाच मिनिटं असताना लाडा आली. मी धावतच डिकीकडे गेलो. सॅकवर कांद्याचं पोतं होतं. पूर्ण पोतं. ड्रायव्हर पोतं उचलताना माझ्याकडे बघत राहिला, बहुतेक मला कांदे हवेत असं त्याला वाटलं असावं. मी तिथेच फुटपाथवर बसून स्वच्छ रुमाल हातात घेतला, बबल-रॅप सोडला आणि दोन्ही फेस उजेडात तिरके धरून बघितले. ओरखडा नव्हता. कॉफीवाल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी टाळी वाजवली.

सॅक मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलो. त्याने गाडी सुरू केली आणि विचारलं, "फ्लाइट फोर ओ'क्लॉक?"

मी बोटांवर मोजलं. दहातून सहा गेले.

"यस," मी म्हटलं, "फोर."