बॉर्डरवर लेकीने सगळं सांगून टाकलं

"तरी आम्ही म्हणत होतो, इतक्यात सांगू नका तिला." आम्ही अमेरिकेत राहतो, लेक भारतातून दत्तक घेतलेली आणि तिला ते माहीत आहे. नायगाराचा किस्सा फॅमिली ग्रुपवर टाकला आणि पहिला मेसेज हा आला. म्हणून आज लिहायला बसलेय, कारण ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं.

झालं असं की मी आणि लेक दोघीच रेनबो ब्रिजवरून कॅनडात चाललो होतो, नवरा कामामुळे मागे राहिला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट बघितले, आडनावं वेगळी (मी माहेरचं ठेवलंय, त्यावर ग्रुपवर वेगळी चर्चा होऊन गेलीये), मग मागच्या सीटकडे बघत त्याने लेकीला विचारलं, तुझ्याबरोबर कोण आहे? ती एका दमात म्हणाली, "ही माझी आई. आधी भारतात एक आई होती, तिच्या पोटातून आले, मग मी बाळांच्या घरात राहिले, मग हे मला घ्यायला आले." झालं! गाडी बाजूला घ्या, आत या.

आत काय, तर मी फाइल पुढे केली. नवऱ्याचं नोटराइज केलेलं कन्सेंट लेटर (लेकीला घेऊन जायला त्याची हरकत नाही असं), दत्तक आदेश, आईबाबा म्हणून आमची नावं असलेला तिचा जन्मदाखला, आणि हे दत्तक हेग करारानुसार (देशादेशांतल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) झालंय असं सांगणारं 'कारा'चं, म्हणजे भारत सरकारच्या दत्तक संस्थेचं, प्रमाणपत्र. कॅनडाही त्या करारात आहे, त्यामुळे हेग शब्द दिसल्यावर आतल्या अधिकारी बाईंचा चेहरा जरा सैल झाला. कारा म्हटलं की आमच्याकडे सगळे कपाळाला हात लावतात, मीही लावलाय, इथे आल्यावरसुद्धा पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रिपोर्ट पाठवायचा म्हणजे काय! पण त्या टेबलवर कामाला आला तो त्यांचाच कागद.

आता लोक म्हणतात, पासपोर्ट होता ना, मग एवढं कशाला? तर अमेरिकन पासपोर्टवर आईवडिलांची नावंच नसतात. आपल्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असायची, ती सोय गेली. म्हणजे पासपोर्टवरून ती कोण हे कळतं, ती माझी कोण हे नाही. आणि हे विचारलं याचा मला राग नाही आला, खरंच नाही. दत्तकाच्या नावाखाली मुलांची खरेदी-विक्री होत होती म्हणून तर १९९३ मध्ये तो करार झाला, भारत त्यात २००३ मध्ये आला. उद्या कुणी माझ्या लेकीला घेऊन बॉर्डर पार करत असेल तर त्याला विचारलेलंच हवंय मला.

राग येतो तो दुसऱ्या चौकशीचा. बॉर्डरवर त्यांनी एकदा विचारलं, कागद बघितले, गुड डे म्हणून सोडलं. आपल्याकडे लग्नकार्यात तीच मावशी दर खेपेला विचारते, खरे आईवडील कोण काही कळलं का, आणि वर सल्ला, कुणाला बोलू नका. (इथे कोणी आगाऊपणा करत नाही असं नाही, पण ते परके, सोडून देता येतं.) लेकीने न लाजता सांगितलं याचा मला त्या खोलीत बसल्या बसल्या अभिमानच वाटत होता, घाम फुटला होता तो भाग वेगळा. लपवायला शिकवलं असतं आणि ती अडखळली असती, तर त्या बाईंना जास्त संशय आला असता, हे कोणी लक्षात घेत नाही.

"आपलीच आहे, कागद कशाला" या वाक्याचं इथे काय झालंय तेही ऐका. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा इथे २००० साली झाला, पण २७ फेब्रुवारी २००१ ला जे १८ किंवा त्याहून मोठे होते ते त्यातून सुटले. कितीतरी आईबापांनी मूल आणलं, वाढवलं आणि नागरिकत्वाचं करायचं राहूनच गेलं. त्यातले काही जण मोठेपणी, ज्या देशाची भाषाही येत नाही तिथे डिपोर्ट झाले. आमची लेक आयएच-३ व्हिसावर (दत्तक भारतातच पूर्ण झालेल्या मुलांचा) आली, पाय ठेवला की नागरिक, सर्टिफिकेट पोस्टाने घरी आलं. आयएच-४ वाल्यांना मात्र इथे येऊन दत्तक पूर्ण करावं लागतं, त्यांनी गाफील राहू नये. ते सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय, पासपोर्ट पाच वर्षांत संपतो, ते संपत नाही.

ज्यांचं दत्तकाचं चालू आहे त्यांच्यासाठी एक. इथे जन्मलेली सोळाच्या आतली मुलं गाडीने कॅनडाहून परत येताना नुसत्या जन्मदाखल्यावर येऊ शकतात, शेजारीण तुम्हाला तेच सांगेल. आपल्या मुलांचा दाखला भारतातला, त्याने इथलं नागरिकत्व सिद्ध होत नाही, पासपोर्टच न्या. आणि कन्सेंट लेटरवर परतीची तारीख आणि मागे राहिलेल्याचा फोन नंबर नक्की लिहा, कारण आमच्या वेळी त्यांनी खरंच फोन लावला आणि नवऱ्याने मीटिंगमधून उठून उचलला, एरवी माझा उचलत नाही.