तीन दिवसांची डोंगरवाट आणि निघण्याआधी सायकलकडे काय बघावं

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या मागून ओरडला, “काका, मागचा ब्रेक गेला! लीव्हर हँडलला टेकतोय!” उतार अजून निम्मा बाकी होता. पुढच्या ब्रेकवर सावरत त्यानं सायकल कडेच्या गवतात घातली, उतरला, आणि मी पोचेपर्यंत चाकावरची ब्रेकची डिस्क बघायला हात पुढे नेत होता. ऐन वेळी त्याला अडवलं. बाटलीतला पाण्याचा एक थेंब डिस्कवर टाकला, तर तो चर्रकन उडून गेला.

आम्ही तिघं होतो: मी, माझा जुना सायकलमित्र आणि सतरा वर्षांचा हा पुतण्या. त्याची ही पहिलीच मुक्कामी सफर. एकूण ७८ किलोमीटर, चढ सगळा मिळून २,१०० मीटर. पहिल्या दिवशी जंगलातल्या रुंद कच्च्या रस्त्यानं ३१ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवरून एकेरी पाऊलवाट आणि मोठा उतार, १९ किलोमीटर, तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठानं २८ किलोमीटर. पहिल्या दोन्ही दिवसांत काही ना काही बिघडलं. एक फांदी सोडली, तर त्यातलं सगळं आम्ही घरूनच बरोबर नेलेलं होतं. म्हणून जे पुढे अशा वाटेनं जाणार आहेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

आधी वाटेबद्दल. आकडे बघून पुतण्याला दुसरा दिवस सर्वांत सोपा वाटला होता, कारण १९च किलोमीटर. प्रत्यक्षात त्याच दिवसाला साडेसहा तास लागले. डोंगरात अंतर बघून काही कळत नाही. चढ किती, उतार किती आणि पायाखाली काय आहे, हे बघावं लागतं. नकाशाच्या अ‍ॅपवर उंचीचा आलेख असतो, त्यात सर्वांत उभा तुकडा शोधा. आमचा उतार ४ किलोमीटरमध्ये ६०० मीटर खाली येत होता, म्हणजे सरासरी १५ टक्के, आणि सरासरी १५ असली की मधले काही टप्पे २५ च्याही वर जातात. असा उतार सुट्या दगडांचा असेल तर नवख्या माणसासाठी तो नाही, हे मी आज ठामपणे सांगेन. चढाचा अंदाज बांधताना आम्ही तासाला ३०० मीटर उंची धरतो. सामान पाठीवर असेल तर त्याहून कमी.

आखीव ट्रेल पार्कांत बहुतेक ठिकाणी रंगांच्या खुणा असतात: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे अतिअवघड. ही पद्धत स्कीइंगच्या उतारांवरून आली. पण हा दर्जा कोरड्या वाटेचा असतो, हे लक्षात ठेवा. ओली मुळं आणि शेवाळलेले दगड आले की निळी वाट काळी होते. नव्या ठिकाणी जाताना तुम्हाला झेपते त्याहून एक पायरी सोपी वाट पहिल्या दिवशी घ्या. तिथली माती, वळणं, सगळं अंगात मुरू द्या, मग पुढची बघा. आणि चाकामागे खोल चर उमटायला लागला तर मागे फिरा. ओल्या वाटेवर पडलेला चर पुढच्या पावसात ओहोळ होतो आणि ती वाट वाहून जाते. डबकं आलं तर मधूनच जा. प्रत्येकानं कडेनं जायचं ठरवलं की एकेरी वाटेचा बघता बघता रस्ता होतो.

पहिल्या दिवशी माझंच मागचं चाक बसलं. काट्याचं बारीक भोक, टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला; त्यात सीलंट हा भोकं बुजवणारा द्रव असतो, त्यानं आपोआप बुजायला हवं होतं. बुजलं नाही, कारण आत सीलंट उरलंच नव्हतं. चार महिन्यांपूर्वी भरलं होतं आणि त्यातला उन्हाळा मी हिशेबात धरला नव्हता. सीलंट हवामानानुसार दोन ते सहा महिन्यांत सुकतं. तपासायला सोपं आहे: चाक काढून कानाजवळ हलवा, आत पातळ काही खळखळलं पाहिजे. आवाज नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढून पुन्हा भरा. त्या दिवशी प्लग लावून काम झालं. प्लग म्हणजे रबराची चिकट वात, ती सुईनं भोकात खुपसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. पण टायरच्या बाजूला लांब चीर गेली तर प्लग टिकत नाही, तेव्हा आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. म्हणून ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब आणि बोटभर टायरचा तुकडा मी नेहमी बरोबर ठेवतो.

हवेबद्दल विचाराल, तर बहुतेक नवे लोक खूप जास्त भरतात. २.३ ते २.४ इंची टायरला, मध्यम वजनाच्या स्वाराला, पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही चांगली सुरुवात. टायर दगडावर चेपला पाहिजे, उडता कामा नये. रिमवर ठक्‌ असा आवाज यायला लागला की दोन पीएसआय वाढवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या मागच्या चाकात फांदी अडकली. त्यानं लगेच पाय थांबवले, हे फार बरं केलं. आणखी अर्धा फेरा मारला असता तर डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चाकात ओढला गेला असता. तरीही डिरेलर जिथं फ्रेमला बसतो तो हँगर आत वाकला होता. मागून बघितलं तर डिरेलरची पिंजरी आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, एका रेषेत दिसायला हवीत. इथं पिंजरी स्पष्टपणे स्पोककडे कललेली. हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे धडक बसली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. गोची अशी की जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. माझ्याकडचा त्याला बसेना आणि त्याच्याकडे सुटा नव्हता.

मग वाटेतच सरळ करायला घेतला. चेन सर्वांत लहान चक्रावर आणली, डिरेलरच्या मुख्य बोल्टमध्ये ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की घातली, एका हातानं डिरेलर धरला आणि की हळूहळू बाहेर ओढत नेली. झटका द्यायचा नाही, मऊ धातू एकदा वाकून परत आला की आधीच अशक्त झालेला असतो. रेषा जवळपास जुळल्यावर डिरेलरवरचा L अक्षराजवळचा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत गेलो, जोवर चेन सर्वांत मोठ्या दोन चक्रांवर चढायची थांबत नाही. दोन सोपे गिअर गेले, उभ्या चढावर त्याला सायकल ढकलावी लागली, पण डिरेलर स्पोकमध्ये जायची भीती उरली नाही. आपल्या फ्रेमचा सुटा हँगर सायकल घेतल्या दिवशीच घेऊन ठेवा. मुठीत मावतो, पण बाजारात ऐन वेळी मिळत नाही. त्याच्यासोबत चेनचा जोडदुवाही ठेवा, आणि तो तुमच्या चेनच्या स्पीडचाच, म्हणजे मागच्या चक्रांच्या संख्येचाच हवा. ११ स्पीडचा दुवा १२ स्पीडच्या चेनला चालत नाही.

चेनचंही सांगतो, कारण निघण्याआधी मी तिघांच्या सायकली बघितल्या तेव्हा पुतण्याची चेन संपलेली होती आणि ती तेवढी घरीच बदलून घेतली. चेन मोजायचं गेज मिळतं. ११ आणि १२ स्पीडला ०.५ टक्के ताणली की बदलायची, जुन्या ८ ते १० स्पीडला ०.७५ पर्यंत चालते. गेज नसेल तर इंचपट्टी लावा: बारा पूर्ण दुवे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग वाढला की ताण ०.५ टक्क्यांच्या आसपास गेला. चेन वेळेवर बदलली नाही तर ती कॅसेटचे दाते खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग असते.

आता तो उतार. मी पुढे होतो आणि पुतण्या संपूर्ण वेळ मागचा ब्रेक हलका दाबून धरत उतरत होता. घाबरल्यावर सगळे तसंच करतात. पण त्यानं डिस्क, तिला घासणारे पॅड, ते दाबणारा कॅलिपर सगळं तापतच राहतं, थंड व्हायला उसंतच मिळत नाही. शेवटी नळीतल्या तेलात मिसळलेलं पाणी उकळतं किंवा हवा फुगते, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल नाही. लीव्हर हँडलला टेकला तो म्हणून. लीव्हर टणक लागतोय पण सायकल थांबत नाही, असं झालं तर ते वेगळं: तिथं पॅड जास्त तापून गुळगुळीत झालेले असतात.

माउंटन बाइकच्या इतिहासात ही गोष्ट अगदी पहिल्या पानावर आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या जड सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू झाल्या. उतार साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटरचा. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असायचा, आणि खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस नव्यानं भरावं लागे. त्यावरूनच त्या उताराचं नाव ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं.

आम्ही वीस मिनिटं सावलीत बसलो. लीव्हर हळूहळू पुन्हा टणक झाला. उरलेल्या उतारावर मी त्याच्या मागे राहिलो आणि एकच सांगत राहिलो: वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाब, वेग कमी कर, मग सोड आणि सायकल चालू दे. नजर दहा मीटर पुढे, कमरेचं वजन मागे, पेडल समांतर. पाचशे मीटरनंतर त्याचे खांदे सैल झाले ते मागूनही दिसलं. तरी आम्ही प्रत्येक लांब टप्प्यानंतर थांबत होतो.

ब्रेकच्या बाबतीत घरी बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पॅडचा घासला जाणारा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर बदला. लांब उतारांना आणि चिखलाला सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड बरे; ते आवाज करतात पण उष्णता सोसतात. आधी तुमची डिस्क ते चालवते का बघा, काही डिस्कवर फक्त रेझिनचे पॅड वापरा असं कोरलेलं असतं. नवे पॅड लावल्यावर सपाटीवर वेग घेऊन पंधरा-वीसदा ब्रेक दाबून ते बसवून घ्या. तेल मिनरल लागतं की डॉट, हे लीव्हरच्या टाकीवर लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. चाक काढलेलं असताना लीव्हर दाबू नका. चेनला स्प्रेनं तेल मारत असाल तर डिस्कवर आधी फडकं टाका.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: हेल्मेट, टायर, ब्रेक पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या, आतला फोम एकदाच दबतो. भारी फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) वगैरे पुष्कळ नंतर. त्याच पैशात स्वस्त डबल सस्पेन्शन आणि चांगली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) यांत निवड असेल तर मी डोळे मिटून हार्डटेल सांगेन, कारण स्वस्त मागच्या शॉकचं वजन रोज वाहावं लागतं आणि फायदा क्वचित होतो. पुतण्याची सायकल जुनी घेतलेली आहे. जुनी घेताना पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये (हँडल जिथं फिरतं तो जोड) टकटक लागली तर बेअरिंग बघावं लागेल. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरून आडवा हलवा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा, ओरखडा नखाला अडला तर दुरुस्ती महाग पडते. जोडांच्या आसपास, विशेषतः हँडलच्या नळीखाली, रंगात बारीक रेघ दिसते का ते उजेडात बघा. हे सगळं आम्ही केलं होतं. ब्रेकमधलं तेल किती जुनं आहे, ते मात्र विचारलं नव्हतं.

तिसरा दिवस शांत गेला. चढून येणाऱ्याला वाट द्यायची, पायी चालणाऱ्यांना तर आधी, आणि गुरं दिसली की उतरून चालायचं, एवढं पाळलं की ओढ्याकाठच्या वाटेवर कुणाची तक्रार नसते.

घरी आल्यावर सायकली साध्या पाण्यानं धुतल्या. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, पाणी आत शिरतं. चेन वाळवून प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून. मग पुतण्याचा मागचा ब्रेक उघडला. सिरिंजमध्ये चढलेलं जुनं तेल काळपट होतं आणि त्यातून बारीक बुडबुडे सुटत राहिले, तीन वेळा ओढेपर्यंत थांबेनात. नवं तेल भरून झाकण बसवल्यावर त्यानं लीव्हर दाबला. तो अर्ध्या वाटेत टणक थांबला.

“काका, तोच उतार परत कधी?”

पावसाळा संपून वाट वाळली की जाऊ, असं ठरलंय. त्याआधी दोन महिने त्याला निळ्या वाटांवर ब्रेक सोडायला शिकवणार आहे.