गाडीला चिखल का फासता?

घरी कुणी आलं की काचेच्या कपाटापाशी वाकतं आणि ठरलेला प्रश्न येतो : "एवढी सुबक जीप बनवलीत, मग तिला चिखल का फासलात?" परवा गणपतीला आलेल्या आत्याने तर विचारायच्या आधीच पदराने पुसायला घेतली. कशीबशी वाचवली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जोडायला दोन रविवार लागतात, मळवायला महिना. खरी विलीस जीप 11 फुटांची, माझी 1/35 मापाची म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांचा स्प्रे (बायकोचा, हल्ली ती बाटली लपवते), त्यावर लष्करी हिरवा. वाळल्यावर ओल्या ब्रशने हलकं घासलं की स्प्रे विरघळतो, हिरव्याचे टवके उडतात आणि खालचा गंज डोकावतो. पण टवके उडवायचे कुठे? बूट घासतो त्या कडेला, हात पडतो त्या मुठीला. नवखा माणूस सगळीकडे उडवतो आणि जीप खरूज झाल्यासारखी दिसते. मीही तेच केलं होतं. वर शिवाजी पार्कातली माती चाळून चाकांना लावली. एक मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो हे लक्षातच आलं नाही. चिखलातून आलेली जीप थेट खडीच्या ट्रकमधून उतरल्यासारखी वाटत होती. आता खडूची वस्त्रगाळ पूड वापरतो.

हे वेड लागलं जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेमुळे. ती संग्रहालय झाली तेव्हा बाबा मला घेऊन गेले होते. 4 डिसेंबर 1971 ला तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले, तेही एका बॉयलरला तडा गेलेला असताना, एवढं मला पाठ होतं. डोळ्यांपुढे फोटोतली चकचकीत बोट. समोर आली ती गंजाचे ओघळ आलेली, पायऱ्या मधोमध झिजलेली, कठड्यावर रंगाचे इतके थर की कडा गोल झालेल्या. गोदीत फिटर असलेले बाबा तोफा सोडून तो कठडाच चाचपत राहिले. 2014 मध्ये मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तिची मोडतोड सुरू झाली तेव्हा बाबा नव्हते. बोट सुमारे 700 फुटांची, त्यामुळे 1/700 मापातली माझी बोट बरोबर फूटभर होते. पण नांगराखालचा ओघळ मला तीनदा पुसून काढावा लागला, कारण केसाएवढी रेघसुद्धा त्या मापात तीन-चार बोटं रुंद पट्ट्यासारखी दिसते.

पावसाळ्यात हे काम बंद. मुंबईच्या दमटपणात लॅकरचा लेप पांढरा पडतो आणि महिन्याची मेहनत धुक्यात जाते.

यंदा मात्र पावसाआधी एक पद्मिनी टॅक्सी उरकली. 2003 साली नोंदणी झालेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून मनात होती. प्लास्टिकच्या पत्र्यातून सांगाडा कापला, खाली काळा, वर पिवळा, टपावर कॅरियर. मग सवयीने चाकांच्या वर चिखलाचे शिंतोडे, बॉनेटवर धूळ, काचेवर वायपरची कमान. मी खूश होतो.

जीप हातातून काढून घेतल्यावर आत्याची नजर टॅक्सीवर गेली. आतोबांनी 31 वर्षं टॅक्सी चालवली. चष्मा वर करून तिने बराच वेळ बघितलं.

"ही कुणाची रे?"

"कुणाची नाही, मीच बनवलीय."

"नाही, म्हणजे चालवणारा कोण? आळशी दिसतो. अरे, ते पहाटे बादलीभर पाणी घेऊन खाली उतरायचे. धुतल्याशिवाय पहिलं भाडं घेतलं नाही कधी." मग उजव्या दारावर नख टेकवून म्हणाली, "इथे खिडकीत कोपर ठेवायचे. तेवढाच रंग गेला होता."

ती गेल्यावर टर्पेंटाइन काढलं. चिखल बराचसा निघालाय. कोपराची जागा अजून जमत नाहीये.