पान न उलटता वाचलेलं पत्र

नियामकाच्या टेबलावर येणारी उत्तरपत्रिका आधीच कुणीतरी तपासलेली असते. त्यामुळे मुलांच्या उत्तरांपेक्षा परीक्षकांचे हात मला जास्त ओळखीचे झालेत. कोण सढळ आहे, कोण दुपारनंतर चिडतं, कोण पहिल्या वाक्यावर गुण ठरवून उरलेल्या पानावर नुसत्या खुणा ओढत जातं, सगळं दिसतं. गठ्ठ्यातून नमुन्याच्या काही उत्तरपत्रिका काढायच्या, पुन्हा गुण द्यायचे आणि फरक जास्त पडला तर परीक्षकाला बोलवायचं. फरक बहुधा एखाद-दुसऱ्या गुणाचा निघतो.

त्या दिवशीच्या उत्तरपत्रिकेत कथेच्या प्रश्नाला दहापैकी तीन गुण होते. शेजारी शेरा होता, ‘आशयसूत्र चुकले. मुद्दे नाहीत.’ आशयसूत्र म्हणजे कथेच्या मुळाशी असलेला विचार.

कथा अपठित, दीड पानाची. दृष्टी गेलेल्या आईला थोरली मुलगी परगावच्या भावाची पत्रं वाचून दाखवते. निवेदन मुलीचंच. तीन प्रसंग, तीन पत्रं. दुसऱ्या प्रसंगापर्यंत वाचकाच्या लक्षात येतं की भावाने लिहिणं केव्हाच सोडलंय आणि मुलगी हातात कुठलातरी कागद धरून मनानेच पत्र रचतेय. शेवटी आई म्हणते, ‘आज पान उलटलं नाहीस.’ मुलगी म्हणते, ‘छोटंच आहे पत्र.’ कथा संपली.

प्रश्न होता, कथेचे आशयसूत्र सांगून कथेचे घटक ते कसे उभे करतात हे सोदाहरण लिहा. उत्तरसूचीत आशयसूत्र दिलं होतं, ‘मुलीचा त्याग व मातृप्रेम’. खाली पाच चौकटी होत्या: पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, प्रतीक, भाषा. प्रत्येकी दोन गुण. प्रतीकाच्या चौकटीत चक्क ‘पत्र = आशा’ असं बरोबरचं चिन्ह घालून लिहिलेलं.

या बरोबरच्या चिन्हाने फार नुकसान केलंय. मुलं पाच चौकटी पाठ करून येतात आणि कोणतीही कथा आली तरी त्यात भरतात. ‘पत्र हे प्रतीक असल्यामुळे आशयसूत्र प्रभावी होते’ हे वाक्य वाचून वाचून माझे डोळे शिणलेत. प्रभावी होते म्हणजे नेमकं काय होतं? पत्राच्या जागी दिवा ठेवला असता तर प्रभाव किती कमी झाला असता? हे कुणी विचारत नाही, कारण वाक्य लिहिलं की दोन गुण मिळतात. जे चौकटी भरत नाहीत ते गोष्टच पुन्हा सांगतात. नुसती गोष्ट आणि कार्यकारणाने बांधलेलं कथानक यांतला फरक इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली राजाराणीच्या दोन वाक्यांत दाखवला होता. आमची निम्मी उत्तरं अजून पहिल्याच वाक्यावर आहेत. राजा मेला, मग राणी मेली. दुसरं वाक्य, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, तिथवर ती पोचतच नाहीत.

या उत्तराला एकही उपशीर्षक नव्हतं. सलग दीड पान, आणि सुरुवातच अशी: ‘ही मुलगी पत्रे आईसाठी लिहीत नाही.’

पुढे पुरावे. पहिल्या पत्रात भाऊ स्वतःची खोली, काम, पाऊस यांबद्दल लिहितो आणि ताईचा उल्लेख एकदाच करतो. दुसऱ्यात तिची दोनदा चौकशी करतो. तिसऱ्यात स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, नुसतं ‘ताई आहे म्हणून आपलं घर आहे’ असं लिहितो. पत्रं रचणारी ताईच. तेव्हा जे तिला कुणी म्हणत नाही ते ती भावाकडून म्हणवून घेते, असा निष्कर्ष. मग निवेदनाकडे वळून म्हटलं होतं की मुलगी दर वेळी ‘आईला बरं वाटलं’ असं सांगते, पण आईचा चेहरा कसा दिसत होता हे एकदाही सांगत नाही. त्यापुढचं वाक्य मी दोनदा वाचलं: ‘आईला दिसत नाही, पण बघत नाही ती मुलगी.’

आणि मग घड्याळ. कथेच्या तिसऱ्याच वाक्यात खोली इतकी शांत आहे की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. उत्तरसूचीत हे ‘वातावरण’ या चौकटीत ‘एकाकीपणा’ म्हणून नोंदवून मोकळे झालेले. उत्तरात मात्र लिहिलं होतं की एवढ्या शांततेत पान उलटल्याचा आवाजही येणारच, म्हणजे शेवटचं वाक्य आईला अचानक सुचलेलं नाही. ती पहिल्यापासून कान देऊन बसलीय. तिला सगळं माहीत आहे आणि मुलीला गरज आहे म्हणून ती ऐकून घेतेय. सांभाळणारी कोण आणि सांभाळली जाणारी कोण, हे कथेने गुपचूप उलटं केलंय.

घटक आशयसूत्र उभं करतात म्हणजे काय, ते इथे घडत होतं. वातावरणातल्या एका तपशिलाने शेवटच्या संवादाचा अर्थ फिरवला, संवादाने आईचं पात्र बदललं आणि आई बदलल्यावर निवेदकावरचा विश्वास उडाला. पाच चौकटींत हे मावणार कसं?

परीक्षकांना बोलावलं. माणूस सरळ, अनुभवी. त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. ‘मॅडम, याला नऊ दिले तर ज्यांनी पाचही मुद्दे इमानदारीने लिहिलेत त्यांना आठ कसे द्यायचे? समान न्याय नको?’ हजारो उत्तरपत्रिका वेगवेगळ्या हातांनी तपासायच्या तर सूची लागतेच, हे मलाही मान्य आहे. पण सूची करणाऱ्याने कथा एकदाच वाचलेली असावी, असा माझा दाट संशय आहे.

प्रकरण मुख्य नियामकांकडे गेलं. निवेदकावर विश्वास ठेवायचाच असं काही नसतं, अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली तेव्हापासून ही गोष्ट सगळीकडे शिकवली जाते, असं मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, ‘बूथ सूचीवर सही करायला येणार नाहीत.’ मग मी सूचीच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: अन्य योग्य उत्तरास गुण द्यावेत. बराच वेळ वाद झाला आणि सातवर मिटला. तीन गुण कापले ते ‘प्रथमपुरुषी निवेदन’, ‘आशयसूत्र’ असे शब्द उत्तरात कुठेच नाहीत म्हणून.

मी नऊ मागत होते, म्हणजे एक गुण मीही कापणारच होते. कारण वेगळं होतं. दुसऱ्या प्रसंगात एक जागा आहे आणि उत्तर तिच्या जवळही फिरकलेलं नाही. आई म्हणते, ‘पावसाचं पुन्हा वाच.’ मुलगी पुन्हा वाचते आणि शब्द किंचित बदलतात. आधी ‘पाऊस थांबत नाही’ होतं, आता ‘पाऊस थांबायचं नाव घेत नाही’ झालं. लगेच पुढे, ‘आई हसली. म्हणाली, तिकडे फार असेल ना पाऊस.’ आईला खरंच माहीत असेल तर ‘पुन्हा वाच’ ही परीक्षा झाली आणि तिचं ऐकून घेणं वाटतं तितकं मायेचं राहत नाही. माहीत नसेल तर हसू साधं आहे, फसवणूक आईपुढे शेवटच्या वाक्यातच उघडी पडते आणि घड्याळाचा तो सुंदर पुरावा ढिला होतो. ज्या जागेवर या वाचनाची खरी कसोटी होती तिथे ना सूचीचं लक्ष गेलं, ना उत्तराचं.

संध्याकाळी गठ्ठे बांधताना हे मी त्या परीक्षकांनाच बोलून दाखवलं. तीन गुण देणारे तेच. ते म्हणाले, ‘हसली म्हणजे तिला माहीत होतं. पावसाचं बोलून ती पोरीला पुढचं वाक्य सुचवतेय.’ सूची बाजूला ठेवली की हा माणूस माझ्याहून चांगलं वाचतो!

तरी मला पटलेलं नाही. इतकी सांभाळून घेणारी बाई शेवटी ‘पान उलटलं नाहीस’ असं म्हणून सगळं उघड का करेल? तिसऱ्या पत्रातली ती ताईची स्तुती ऐकून तिचा संयम सुटला असेल, असं हल्ली वाटतं. पण मग कथा सांभाळण्याची राहत नाही, आईच्या रागाची होते, आणि या उत्तराला सात तरी कशासाठी दिले ते मला पुन्हा मुद्देसूद मांडावं लागेल.