सिम्युलेटरवर हात बसवताना स्वभाव आडवा येतो तेव्हा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरचं सरावाचं यंत्र, प्रत्येक सरावानंतर एक तक्ता दाखवतो. त्यात लागलेला वेळ, प्रत्येक हत्याराच्या टोकाने कापलेलं अंतर, हत्यार किती अंशांत वळलं, ऊतीला किती वेळा इजा झाली, ती किती मिलिमीटर खोल, असं सगळं असतं. पीजीच्या सुरुवातीला मी फक्त वेळेचा रकाना वाचायचे, आणि आता शिकवताना दिसतं की नवे रेसिडेंटही (शिकाऊ सर्जन) तेच करतात. खरी माहिती दोन रकाने शेजारी ठेवल्यावर मिळते. वेळ कमी पण अंतर आणि इजा जास्त, तर माणूस उतावळा. अंतर बेताचं पण वेळ दुप्पट आणि डावा हात जवळपास गोठलेला, तर माणूस घाबरलेला. निदान तुमच्याच आधीच्या पाचसहा फेऱ्यांशी ताडून बघा, एका फेरीवरून स्वभाव ठरवू नका.

त्याआधी मांडणी. हत्यारांच्या मुठी कोपराच्या उंचीला, खांदे सैल, स्क्रीन नजरेच्या किंचित खाली. हे चुकलं की खांदे आखडतात, आणि थकवा आहे की ताण हे मग कळतच नाही. पोर्ट, म्हणजे हत्यार आत जातं ते पोटावरचं छिद्र, हा टेकू असल्यामुळे हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जातं; शिवाय सपाट स्क्रीनवर खोली कळत नाही. इथे जन्मजात फरक दिसतो. मनात आकृती फिरवून पाहणं ज्यांना जड जातं, त्यांना ३० अंशांचा, म्हणजे तिरकं बघणारा, कॅमेरा फार छळतो. पण टोरांटोच्या २००२ मधल्या अभ्यासात झेड-प्लास्टी (त्वचेचे त्रिकोणी तुकडे अदलाबदल करून शिवणं) शिकवताना असं दिसलं की सराव आणि प्रतिसाद मिळाल्यावर ही दरी बुजते. त्यामुळे अशांनी कॅमेऱ्याचा सराव दुप्पट करावा, एवढंच. (व्हिडिओ गेम खेळणाऱ्या सर्जनांच्या चुका कमी होतात असं २००७ मध्ये दिसलं होतं, पण ‘मी तर गेमर आहे’ म्हणणाऱ्याला क्लिप (नळी किंवा रक्तवाहिनी चिमटून बंद करणारी) लावायचा सराव माफ होत नाही.)

आत्मविश्वास जास्त असलेल्यांची तऱ्हा वेगळी. ते गोळे पकडणं, रिंगा उचलणं असे पायाचे सराव सोडून थेट लॅप कोलीच्या (दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या) मॉड्यूलवर जातात. येलमधल्या २००२ च्या प्रयोगात १६ रेसिडेंट होते. ज्यांना सिम्युलेटर दिला, त्यांनी त्यावर पित्ताशय काढलंच नव्हतं. फक्त भूमितीच्या आकारांवर दोन्ही हात आणि डायथर्मीचं (विजेने ऊती जाळून कापणाऱ्या हत्याराचं) पेडल चालवलं होतं. तरीही खऱ्या शस्त्रक्रियेत त्यांनी यकृतापासून पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं, आणि न शिकलेल्यांच्या चुका जवळपास सहापट होत्या. त्यांना ठरावीक तास नव्हे, तज्ज्ञांच्या पातळीचा निकष गाठेपर्यंत बसवलं होतं. मी म्हणूनच लागोपाठ दोनदा निकष गाठल्याशिवाय पुढचा टप्पा उघडू देत नाही. आणखी एक उपाय: तक्ता उघडण्यापूर्वी स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा, ‘इजा दोनदा, वेळ तीन मिनिटं’ असा. चार दिवसांत अंदाज जमिनीवर येतो.

घाबरणाऱ्याला उलट वागवावं लागतं. मागे सर उभे राहिले की त्याचा श्वास अडकतो, मूठ आवळते, टोक थरथरतं. थोडा ताण हाताला धार देतो, जास्त झाला की तोच हात बिघडवतो. पहिल्या काही फेऱ्या एकट्याने, स्क्रीनवर घड्याळ दिसतं त्या कोपऱ्यावर कागद चिकटवून. सराव संपल्यावर नासा-टीएलएक्स या, कामाचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीचे सहा प्रश्न भरायचे. मी त्यात वैतागाचा रकाना आधी बघते. कौशल्य वाढत असूनही वैताग तसाच राहिला, तर सराव वाढवून उपयोग नाही, सत्र लहान करायचं. ४५ मिनिटं पुरेत, तीही वेगवेगळ्या दिवशी. टोरांटोमध्येच २००६ मध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायची चार सत्रं आठवड्याला एक अशी घेणारे, एकाच दिवसात चारही उरकणाऱ्यांपेक्षा महिन्याभराने सरस ठरले होते.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे परिपूर्णतेच्या मागे लागलेले. क्लिप जरा तिरकी बसली की हे बटण दाबून पहिल्यापासून सुरू करतात. अर्धवट सोडलेल्या फेरीचे आकडे बहुधा प्रगतीच्या आलेखात येत नाहीत, म्हणून आलेख सुंदर दिसतो, आणि बिघडलेलं सावरायचा सराव शून्य. माझा नियम असा: रक्त आलं तर सक्शन करा, पकडा, पुढे जा, फेरी संपवा. ऑपरेशन थिएटरात नव्याने सुरू करायचं बटण नसतं.

मनातला सराव मात्र सगळ्याच स्वभावांना चालतो. लंडनमधल्या २०११ च्या प्रयोगात प्रत्येक सिम्युलेटरवरच्या कोलीआधी ३० मिनिटं मनात शस्त्रक्रिया केलेल्यांचा दर्जा व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा चांगला होता. नुसतं ‘करतोय’ असं आठवून भागत नाही. क्रम बोलता आला पाहिजे. पित्ताशयाचा माथा उजव्या खांद्याकडे वर ढकला, मान बाहेर-खाली ओढा, पित्ताशयाच्या मानेजवळच्या, नळी आणि रक्तवाहिनी असलेल्या त्रिकोणातली चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवा, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (नळी आणि रक्तवाहिनी) दिसतात याची खात्री करा, मग राहणाऱ्या बाजूला दोन क्लिपा, निघणाऱ्या बाजूला एक, मग कात्री. घाबरणाऱ्याने यात ‘आता रक्त आलं’ हा प्रसंगही घालावा.

एक गोष्ट सिम्युलेटर उतावळ्याला उलटी शिकवतो. बऱ्याच मशीनवर ओढताना हाताला जाणवणारा विरोध खऱ्या ऊतीसारखा नसतो, कुठे तर अजिबात नसतो. त्यामुळे जोरात खेचायची सवय बिनबोभाट मुरते. अशांना मी दर आठवड्याला एकदा बॉक्स ट्रेनरवर (खरी हत्यारं आत घालून सराव करायच्या साध्या पेटीवर) बसवते, आत कोंबडीच्या तंगडीचा तुकडा ठेवून. कातडी मांसापासून सोडवायची, आणि कातडीला पडलेली भोकं शेवटी उजेडात धरून मोजायची.